गुलाल, ग्लोव्हज आणि 'काय होत नाही'

पोरी,

तुझा मेसेज रात्री उशिरा बघितला, पुण्याच्या बीएसएल-३ लॅबमध्ये (घातक जंतूंवर काम करायच्या, सुरक्षेच्या चार पायऱ्यांतल्या तिसऱ्या पायरीच्या) सिलेक्शन झालं म्हणून, लई बरं वाटलं. ट्रेनिंगच्या आधी काय वाचून येऊ विचारलंयस. वाच की, डब्ल्यूएचओचं बायोसेफ्टी मॅन्युअल आहे, २०२० ला चौथी आवृत्ती आली त्याची, पण खरं सांगू का, नियम सगळ्यांना पाठच असतात गं. तोंडाला हात लावू नये हे कुणाला माहीत नाही? हे वाचता वाचता तू नाकाला, केसांना कितीदा हात लावलास ते मोज आधी.

आमचे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीत होते. बूट मिळायचे, पण उकडतंय म्हणून चप्पल घालूनच वितळलेलं लोखंड ओतायचे. आई बोलली की ठरलेलं उत्तर, "काय होत नाही." आणि खरंच वर्षानुवर्षं काय झालं नाही, तीच तर गोची, रोज काय न झाल्यानं माणूस रोज थोडा जास्त ढिला होतो. मग एक दिवस थेंब उडाला आणि पाय कायमचा गेला कामातून. लॅबमध्ये पण नवखं पोरगं भीतीनं सांभाळून असतं, मला काळजी तीन वर्षं झालेल्यांची वाटते.

आता गुलालाचं ऐक. जोतिबाच्या यात्रेहून आल्यावर दोन अंघोळी करूनसुद्धा चार दिवसांनी कानामागं, चष्म्याच्या काडीला, मोबाइलच्या कव्हरात गुलाल सापडतो का नाही? मी नव्या पोरांना त्याच्यावरच शिकवायचो. यूव्ही लाइटखाली चमकणारी पावडर मिळते त्यासाठी, पण गुलालाला लाइट लागत नाही. ग्लोव्हज घाला, वर गुलाल चोळा, आता काढा. पहिला सगळे झकास काढतात, मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून, उलटा करत. दुसऱ्याला उघडं बोट आतल्या बाजूनं, मनगट आणि ग्लोव्हच्या मधे घालायचं असतं, तिथं घाई होते आणि मनगटावर गुलाबी रेघ उठते. जमायला लागलं की मी मुद्दाम मधेच विचारायचो, "काय रे, चहा घेणार का?" झालं, हात चुकला! दिवसभर लक्ष शाबूत असतं, जातं ते काम संपल्यावर, सगळं काढून बाहेर पडताना, म्हणून तेव्हा कुणाशी बोलू नकोस आणि कुणी काढत असेल तर त्याला बोलवू नकोस.

दुसरं, सांडलं तर. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला काही सांडलं की आई ओरडायच्या आत पुसायची सवय असते, हात आपोआप फडक्याकडं जातो. ही सवय मोडायला लागते. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नमुने गरगर फिरवायच्या मशीनमध्ये, ट्यूब फुटल्याचा आवाज आला, तर मशीन बंद करायचं आणि झाकण अर्धा तास उघडायचं नाही, आत उडालेले बारीक थेंब खाली बसू द्यायचे. बाहेर उघड्यावर सांडलं तर सगळ्यांना सांगून आधी खोलीच्या बाहेर. नंतर पूर्ण तयारीनं आत जाऊन वर पेपर टाकायचा, जंतुनाशक कडेकडून मधे ओतायचं आणि परत थांबायचं. नुसतं थांबणं फार अवघड असतं बघ, त्याची पण प्रॅक्टिस करायला लागते, आम्ही लाल पाणी सांडून घड्याळ लावून बसायचो.

२००३ च्या डिसेंबरात तैवानमध्ये एका संशोधकाला लॅबमध्येच सार्स झाला, आणि ती लॅब साधी नव्हती, बीएसएल-४, सगळ्यात वरची पायरी, म्हणजे आपल्या पुण्यात पाषाणला आहे त्या दर्जाची. कचरा सांडला होता, त्याला परिषदेसाठी सिंगापूरला जायचं होतं, घाईत स्वतःच साफ केला. परत आल्यावर ताप आला तरी काही दिवस घरातच थांबला. तो वाचला, दुसऱ्या कुणाला लागण झाली नाही. पुढच्याच वर्षी बीजिंगमधल्या लॅबमधून सार्स बाहेर आला, तेव्हा तिथं काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीची आई गेली. आई काही त्या लॅबमध्ये कामाला नव्हती.

तापाचं त्या तैवानच्या माणसानं लगेच का सांगितलं नसेल, हे मला वेगळं विचारायला लागत नाही. एका लॅबमध्ये, नाव नको, मला सुई टोचली. टोपण परत बसवत होतो, जे करायचं नाही हे मीच पोरांना शिकवायचो. साबणपाण्यानं धुतलं आणि गप्प बसलो. का? तर आदल्या आठवड्यात ट्यूब फोडली म्हणून एका पोराला साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. रात्रभर झोप नाही, दर तासाला थर्मामीटर, सकाळी जाऊन सांगितलं. काय झालं नाही, नशीब.

म्हणून जॉइन झाल्यावर तिथल्या जुन्या माणसाला एक विचार: शेवटची चूक कुणी सांगितली आणि त्याचं पुढं काय झालं? "आमच्याकडं चुका होतच नाहीत" असं उत्तर आलं तर मला फोन कर. आणि "सर, माझा ग्लोव्ह फाटलाय" हे आरशासमोर मोठ्यानं म्हणून बघ, हसू नकोस, ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. तू अजून "मी सांगतो, मी येतो" म्हणतेस आपल्या पेठेतल्या पोरींसारखं, पुण्यात हसतील, हसू देत, पण सांग.

रविवारी सकाळी घरी ये. तुझ्या मापाचे ग्लोव्हज आण, दहा-बारा जोड तरी, गुलाल माझ्याकडं आहे. जुना ड्रेस घाल, आणि काकूला फरशीचं काही बोलू नकोस, मी बघतो.

तुझा,
काका