दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो? आधी खुर्ची हलवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातली दहा बाय बाराची खोली, बाराच्या भिंतीसमोर ठेवलेले पाच इंची वूफरचे दोन स्पीकर, खोलीच्या मधोमध खुर्ची. 'सन', म्हणजे Sunn O))), या ड्रोन-मेटल बँडचा (मिनिटं मिनिटं ताणलेले जाड गिटार-सूर) अल्बम लावला, दहा मिनिटांत कंटाळा, नुसती खरखर आणि डोकं जड. लोक यात ऐकतात तरी काय?

(नावापुढचा गोल आणि तीन कंस हे सन नावाच्याच अँप्लिफायर कंपनीच्या चिन्हातून आलेत. उच्चार नुसता 'सन'.)

तुमच्या कानात काही दोष नाही. ज्यासाठी हे ऐकायचं तो तळच, म्हणजे खालचे सूर, तुमच्यापर्यंत पोचत नाहीये, वरची खरखर तेवढी पोचते. नेहमीच्या गिटारची जाडी तार 82 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 82 कंपनांना, लागते. सनवाले ती उतरवून 'ए'पर्यंत, म्हणजे 55 हर्ट्झपर्यंत आणतात. तुमच्या खोलीच्या दहा फुटांत जिची अर्धी लांबी नेमकी मावते ती लाट साधारण 57 हर्ट्झची. अशी लाट भिंतींपाशी जोरात असते आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तुमची खुर्ची त्या शून्यावर आहे. (गंमत म्हणजे खोली 45 अंशांना तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि हाच आकडा 59च्या आसपास जातो. खोली तीच, पण मे आणि जानेवारीत किंचित वेगळी घुमते.)

फोनवर टोन जनरेटरचं (हवा तो एकच सूर वाजवणारं) कुठलंही फुकट ॲप घ्या, स्पीकरला जोडून 55 हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सावकाश चाला. मध्ये सूर गायब होईल, भिंतीशी फुगेल. मागच्या भिंतीपासून साडेतीन-चार फुटांवर समतोल सापडतो, खुर्ची तिथे. बाजूच्या भिंतींच्याही बरोबर मध्यावर नको, फूटभर सरकवा. स्टीरिओ थोडा बिघडेल, या संगीतात चालतं. कोपऱ्यात मात्र बसू नका, तिथे एकच सूर ढोलासारखा घुमतो आणि बाकीचे बुडतात. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. 55 हर्ट्झच्या लाटेची पाव लांबीच दीड मीटर भरते, ट्रे तिचं काही वाकडं करत नाही.

पाच इंची वूफर 60च्या खाली दमतो. स्पीकर भिंतीपासून वीतभर अंतरावर आणले की तळाला थोडा आधार मिळतो. आठ इंची सबवूफर जोडता आला तर क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचं सगळं सबवूफरकडे जातं ती सीमा) 80 हर्ट्झवर ठेवा. बेस बूस्टचं बटण पूर्ण दाबणं मात्र सगळ्यात महागात पडतं. साध्या गाण्यात ठोक्यांमध्ये स्पीकरला श्वास घ्यायला जागा असते, इथे सूर मिनिटभर सुटत नाही. कॉइल तापत राहते, अँप्लिफायर लाटेची टोकं कापायला लागतो, आणि ती फाटकी खरखर गिटारच्या मूळ डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाडलेल्या सुरात) अशी मिसळते की कुठली कोणाची ते कळत नाही. तुमची डोकेदुखी बहुधा तिथलीच.

हेडफोन बंद कपांचे घ्या. चष्म्याच्या काडीमुळे गादीत फट राहिली तरी तळ गळून जातो, म्हणून चष्मा काढून ऐका. छोटा ब्लूटूथ स्पीकर या कामाचा नाही.

आता नागपूरचा खरा शत्रू: कूलर. त्याच्या घरघरीत सुराची शेपटी, म्हणजे जे ऐकायचं नेमकं तेच, झाकलं जातं. उन्हाळ्यात कूलर बंद करून तासभर बसा म्हणणं ही शिक्षा आहे, तेव्हा पहाटे पाचला ऐका किंवा खोली आधी गार करून वीसच मिनिटं घ्या. डिसेंबर-जानेवारीसारखं काही नाही, पंखाही बंद असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. अर्थिंगमुळे स्पीकरमध्ये 50 हर्ट्झचा घोंघाट येतो, तो 55च्या सुराशी भांडून सेकंदाला पाच हेलकावे देतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा संगीताचाच भाग. स्टीलच्या भांड्यांची मांडणी नि लोखंडी कपाटाचं दार कागदाची घडी खोचून गप्प करा.

राहिलं ऐकायचं काय ते. तानपुरा आठवा. प, सा, सा, खर्ज. चार तारा, पण जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून मिळणारी झणझण) नीट लागली की त्यांतून गंधार आपोआप ऐकू येतो. इथे जवारीचं काम तापलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर करतो. सा-प एकत्र छेडले की 55 आणि 82.5 यांच्या फरकाचा 27.5चा सूर, म्हणजे आणखी एक सप्तक खालचा सा, अँप्लिफायर स्वतःच तयार करतो. कुणी वाजवलेला नसतो तो. दोन गिटारी अर्ध्या हर्ट्झने वेगळ्या असल्या तर दर दोन सेकंदांनी एक हेलकावा येतो. म्हणून आघाताची वाट पाहू नका, आघात झाल्यावर सूर कसा झिजतो, वरचा कुठला स्वर शेवटपर्यंत तग धरतो, फीडबॅक कुठून उगवतो, त्याच्या मागे जा. विलंबित झुमऱ्यात समेची घाई न करणाऱ्याला हे जड जाऊ नये. नातंही अगदीच दूरचं नाही: किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ 1970 पासून अमेरिकेत शिकवू लागले, लांबवर धरलेल्या सुरांचा अमेरिकी संगीतकार ला माँट यंग त्यांचा शिष्य, आणि सनच्या आधी याच वाटेने गेलेल्या 'अर्थ' (Earth) या बँडचा डिलन कार्लसन यंगचं ऋण मानतो.

सुरुवात सनने करू नका. 'स्लीप' या बँडचा 'डोपस्मोकर' घ्या: 63 मिनिटांचं एकच गाणं, पण ड्रम आहेत, धरायला कठडा आहे. मग 'अर्थ'च्या 1993च्या 'अर्थ 2'मधला पहिला, पंधरा मिनिटांचा तुकडा. तिथे कठडा जातो. त्यानंतर सनचा 2019चा 'लाइफ मेटल': स्टीव्ह अल्बिनीने टेपवर ध्वनिमुद्रित केलेला, अँप्लिफायरभोवतीची हवा त्यात स्पष्ट ऐकू येते. सनचाच 'ब्लॅक वन' शेवटी, तो अंगावर येतो. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी) आणि आवाज समान करणारी सेटिंग बंद ठेवा.

आवाज मोजताना फोनमधल्या डेसिबल मीटरचं वेटिंग (कुठले सूर किती मोजायचे ती सेटिंग) 'सी'वर ठेवा. 'ए'वर ठेवलं तर 55 हर्ट्झ सुमारे 28 डेसिबलने कमी दिसतो, आकडा 70 पाहून तुम्ही वाढवत जाता. 'सी'वर 85च्या आत राहिलात की तासभर निवांत. स्पीकर रात्री दहानंतर नकोतच. नियम आहेच, शिवाय मधल्या सुरांना भिंत अडवते, 55ला नाही, शेजाऱ्यांच्या पलंगापर्यंत जातो. ऐकून उठल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर पुढच्या वेळी सहा डेसिबल खाली या.