वाचकांचे प्रश्न : स्किझोफ्रेनिया आणि मेंदू

प्रश्न : भावाला स्किझोफ्रेनिया आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदूत डोपामिन वाढलंय. मग साखर मोजतात तसं ते रक्तातून मोजत का नाहीत? एमआरआय काढला, तोही नॉर्मल आला.

उत्तर : डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात असं एक रसायन. ‘डोपामिन वाढलंय’ हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. ते सगळ्या मेंदूत वाढत नाही. मेंदूत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग असतो. तिथल्या चेतातंतूंच्या टोकांशी डोपामिन जास्त तयार होतं आणि जास्त सुटतं. एरवी ‘इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचं आहे’ अशी खूण करणं हे त्याचं एक काम. ही खूण नको तिथे पडू लागली, की शेजाऱ्याचं खोकणंही आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटू लागतं. रक्तातलं डोपामिन मोजून स्ट्रायटममध्ये काय चाललंय ते कळत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा डोपामिनला ओलांडता येत नाही. पेट स्कॅनने, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेल्या चित्राने, अंदाज येतो, पण तो संशोधनापुरता.

एमआरआयचं म्हणाल तर, मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या या रुग्णांमध्ये सरासरीने मोठ्या असतात, हे १९७६ मध्येच सिटी स्कॅनवर दिसलं होतं. पण हा फरक सरासरीचा आहे. कित्येक रुग्णांच्या पोकळ्या निरोगी माणसाइतक्याच असतात. एमआरआय काढतात तो गाठ, मेंदूचा दाह असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. त्यामुळे नॉर्मल अहवालाने निदान खोटं ठरत नाही. निदान होतं ते लक्षणं आणि ती किती काळ टिकली यांवरून.

प्रश्न : आईला हा आजार आहे. मी लग्न करावं का? मुलांना होईल का?

उत्तर : लग्न जरूर करा, फक्त जोडीदाराला आधी सांगा. आता आकडे. समाजात साधारण १०० जणांत एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल, तर १०० मुलांत सुमारे १० जणांना. म्हणजे ९० जणांना नाही. आजी-आजोबांपैकी एकाला असेल, तर हा आकडा ५ च्या आसपास येतो. तुम्ही स्वतः निरोगी असाल, तर तुमच्या मुलांना लागू पडतो तो हा आकडा. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखीच असतात. तरीही एकाला आजार झाला, तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपासच आहे. म्हणजे सगळा खेळ जनुकांचा नाही.

एकच असं ‘स्किझोफ्रेनियाचं जनुक’ नसतं. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या २८७ जागांशी संबंध दिसला, आणि यातल्या एकेका जागेने धोका अगदी चिमूटभर वाढतो. अपवाद २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळण्याचा : अशा दर चौघांत साधारण एकाला आजार होतो. पण हे विरळा. म्हणून घरबसल्या जनुकतपासणीच्या अहवालावर भविष्य ठरवू नका, त्यापेक्षा पत्रिका स्वस्त पडते. आपल्या हातात आहे ते असं : घरात हा आजार असेल, तर मुलांनी, विशेषतः किशोरवयात, गांजापासून लांब राहावं. झोप उडणं, मित्र तुटणं, अभ्यास एकदम घसरणं, विचित्र संशय हे एकत्र दिसू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये.

आईच्या वागण्याने मुलाला हा आजार होतो, असं विसाव्या शतकाच्या मध्यात काही डॉक्टरही मानत. ते केव्हाच मोडीत निघालं आहे.

प्रश्न : गोळ्यांनी मुलाचे भास थांबले, पण तो दिवसभर गप्प बसून असतो. डोस कमी करू का?

उत्तर : स्वतःहून नको. आधी गप्प का, ते बघा. चालताना हात हलत नाहीत, चेहरा कोरा, लाळ गळते, आणि हे डोस वाढवल्यावर सुरू झालं? मग बहुधा औषध जास्त होतंय. बहुतेक औषधं डोपामिनचे डी-२ ग्राही, म्हणजे पेशींवर डोपामिन जिथे चिकटतं त्या जागा, अडवतात. साधारण ६५ टक्के अडले की गुण येतो, ८० टक्क्यांच्या वर गेलं की अंग ताठरतं. म्हणून डोस दुप्पट केल्याने गुण दुप्पट होत नाही. उदास बोलणं, मरणाचे विचार असतील तर ते नैराश्य, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. यातलं काहीच नसेल, तर ती आजाराचीच ‘नकारात्मक लक्षणं’, म्हणजे बोलणं, उत्साह, भावना आटणं, असू शकतात. भासांइतका त्यांना या गोळ्यांचा गुण येत नाही, आणि इथेच डोपामिनचं स्पष्टीकरण तोकडं पडतं. केटामिन हे भुलीचं औषध डोपामिनचे नव्हे, ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्या रसायनाचे ग्राही अडवतं, तरी निरोगी माणसातही काही काळ संशय आणि अलिप्तपणा दोन्ही दिसतात. अशा लक्षणांत दिनक्रम, छोटी कामं, कौशल्य-प्रशिक्षण जास्त कामी येतं.

गोळ्या एकदम बंद केल्या, तर पहिले काही दिवस मुलगा तरतरीत दिसतो, कारण दुष्परिणाम ओसरतात. घरचे इथेच फसतात. आजार उलटतो तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी.

पुढे भास परत आले आणि दोन वेगवेगळी औषधं, प्रत्येकी पुरेशा डोसात सहा आठवडे नियमित देऊनही थांबले नाहीत, तर अशा वेळी देतात त्या क्लोझापिन या औषधाबद्दल विचारा. त्याने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, म्हणून सहसा पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात. ते चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.