शनिवारचा बाजार सीमेपलीकडं

प्रश्न: माझी लेक स्वित्झर्लंडला बासेलमध्ये असते, दर शनिवारी आठ नंबरच्या ट्रामनं जर्मनीत वाईलला किराणा आणायला जाते. एवढा फरक पडतो का हो? – एक आई, सांगली

उत्तर: पडतो ताई, चांगलाच पडतो. स्वित्झर्लंडात पगार, भाडी सगळंच चढं, म्हणून शाम्पूपण महाग आणि चिकन-मटण तर विचारूच नका. वर 50 युरोच्या पुढं बिल गेलं की दुकानातनं हिरवा कागद मिळतो, त्यावर कस्टमचा शिक्का घेतला की जर्मन व्हॅट परत, खाण्याच्या बहुतेक वस्तूंवर 7 टक्के, शाम्पू-साबणावर 19. पण 2025 पासून माणशी 150 फ्रँकच्या वर माल नेला तर स्विस व्हॅट भरावा लागतो, आधी 300 चालायचे, आणि चिकन-मटण सगळं मिळून बिनजकातीचं माणशी किलोभरच. शिक्का घेतल्याशिवाय परतीच्या ट्राममध्ये बसू नको म्हणावं तिला.