भागाकार करण्याआधी

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले वर्णपट काल रात्री बसून पाहिले. बेसलाइन सपाट आली आहे, मेहनत दिसते. पण खाली लिहिलेलं ‘कार्बन-१२ : कार्बन-१३ = ६’ हे वाक्य आधी खोड.

सूर्यमालेत कार्बनच्या हलक्या आणि जड समस्थानिकांचं हे गुणोत्तर ८९ च्या आसपास आहे, आपल्या परिसरातल्या आंतरतारकीय वायूत ६८ च्या आसपास. आकाशगंगेच्या केंद्रापाशीसुद्धा ते वीस-पंचवीस भरतं. मग वृषभ राशीतल्या थंड मेघात ६ कुठून आलं?

११५.२७ गिगाहर्ट्झची साध्या कार्बन मोनॉक्साइडची रेषा तुला मेघाच्या अलीकडच्या थराचीच खबर देते. मागच्या रेणूंचं उत्सर्जन वाटेतच शोषलं जातं. ११०.२० वरची, कार्बन-१३ असलेल्या त्याच रेणूची रेषा बरीच खोलवरून येते. तू भागलीस ती दोन रेषांची उंची, अणूंची संख्या नव्हे. मीही सुरुवातीला हेच केलं आणि त्या आकड्यासाठी नवं रसायनशास्त्र शोधण्यात कित्येक आठवडे घालवले. तुझे ते जाऊ नयेत, म्हणून एवढं लिहिते आहे.

रेषा पातळ आहे (तिचा प्रकाश आरपार येतो) की जाड (तो वाटेतच शोषला जातो), हे मेघालाच विचारता येतं. सीएन (कार्बन-नायट्रोजन) रेणूची रेषा अतिसूक्ष्म घटकांत फुटते आणि त्या घटकांची सापेक्ष तीव्रता सिद्धान्तातून आधीच ठाऊक असते. निरीक्षणात बलवान घटक अपेक्षेपेक्षा बुटका दिसला, की तेवढ्यावरून ऑप्टिकल डेप्थ (वायू किती अपारदर्शक आहे त्याचं माप) काढता येते. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिथे अंदाजाला जागा कमी.

एवढं करूनही मिळेल ते रेणूंचं गुणोत्तर. कार्बन-१३ चा आयन कार्बन मोनॉक्साइडला भेटला की जागांची अदलाबदल होते आणि तापमानाच्या भाषेत ३५ केल्विनइतकी ऊर्जा सुटते. मेघ १० केल्विनचा असेल, तर उलटी वाट जवळजवळ बंद, म्हणून कार्बन-१३ या रेणूत साठत जातो. मेघाच्या कडेला मात्र अतिनील किरणांपासून विपुल रेणू स्वतःचं रक्षण करतात, कार्बन-१३ वाली विरळ भावंडं तुटतात, आणि गुणोत्तर उलट दिशेला सरकतं.

ड्युटेरियममध्ये, म्हणजे जड हायड्रोजनमध्ये, तर हे टोकाला जातं. विश्वात एक लाख हायड्रोजनमागे ड्युटेरियमचे जेमतेम दीड अणू, पण एल-१५४४ सारख्या मेघाच्या थंड गाभ्यात काही रेणूंमध्ये ते प्रमाण टक्क्यांत मोजावं लागतं! तिथे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम येण्याच्या अदलाबदलीत २३२ केल्विनइतकी ऊर्जा सुटते, आणि त्यात विघ्न आणणारा कार्बन मोनॉक्साइड धुळीच्या कणांवर गोठून गेलेला असतो. म्हणजे कार्बनच्या मोजणीत जी अडचण, तीच इथे गाभा किती थंड आणि किती दाट आहे ते सांगते.

दुर्बिणीच्या वेळेसाठीच्या पुढच्या प्रस्तावात साधा कार्बन मोनॉक्साइड मागू नकोस. ऑक्सिजन-१८ वाला माग, आणि कार्बन-१३ व ऑक्सिजन-१८ दोन्ही असलेलं त्याचं भावंडही. ती रेषा फार मंद असते. नॉइज निम्मा करायला चौपट वेळ लागतो, तेव्हा तास मोजून माग. मसुदा पाठवण्याआधी मला दाखव.

तुझी,
ताई