चोक ओढला की चालतं, सोडला की मरतं
भाऊ, तुझं छोटं पेट्रोल इंजिन चोक (हवा अडवणारी झडप) ओढला की चालतं आणि सोडला की बंद पडतं, म्हणतोस. लक्षण सरळ आहे: इंजिनला पेट्रोल कमी पोचतंय. लगेच नवा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणू नको. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत चालणारी ही जुनी छोटी यंत्रं महिनोन्‌महिने शेडमध्ये पडून असतात. पेट्रोल उडून जातं, मागे चिकट राळ उरते, आणि ती सगळ्यात आधी जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा, बुजवते. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये पाणीही शिरतं.

इंजिन थंड असताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची खालची वाटी खोल. तळाशी गाळ दिसेलच. जेट काढून उजेडाकडे धर, भोक आरपार दिसलं पाहिजे. कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मार, हवा मार. सुई-तार घालू नको, पितळ मऊ असतं. मी एकदा भोक मोठं करून बसलो. मग काळा धूर, काळा प्लग आणि घरच्यांचे टोमणे.

तरीही रेस आपोआप वर-खाली होत असेल, तर कार्बोरेटरमागचं पॅकिंग हवा घेतंय का बघ. थ्रॉटलची (रेस कमी-जास्त करणारी) वायर अडकते का, तेही. गव्हर्नरची (इंजिनचा वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग मात्र ताणायची नाही, इंजिन बेफाम पळतं. यंत्र ठेवताना कॉक बंद कर आणि इंजिन आपसूक थांबेपर्यंत चालू दे.