दादरला किंवा लिंकिंग रोडला दुकान भाड्याने घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की दादर नाहीतर लिंकिंग रोडला कपड्यांचं छोटं दुकान टाकायचंय, ब्रोकर प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतोय, तर खरा भाव कोणता धरायचा. मी रानडे रोडजवळ सात वर्षं भाड्याच्या गाळ्यात ड्रेस मटेरियल विकलं, त्यामुळे मनापासून सांगतो, टोकन द्यायची घाई करू नका.

या रस्त्यांवर एक भाव असा नसतोच हो. शेजारचा जुना दुकानदार आजोबांपासून पागडीवर असतो, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर कायमचा ताबा, त्याचं भाडं महिन्याला काही शे रुपये, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मालकाला ते वर्षाला ४ टक्केच वाढवता येतं. तुम्ही येणार लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, आजच्या बाजारभावाने. माल तोच सुरतचा, गिऱ्हाईक तेच, पण तो ज्या भावात पीस देऊन वर घर चालवतो त्या भावात तुमचं नुसतं भाडं निघत नाही. मला हे कळेपर्यंत पहिली दिवाळी गेली होती. बरं तो गाळा सोडतही नाही, कारण पागडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर मालक साधारण तिसरा हिस्सा मागतो, मग गाळे बाजारात येतातच थोडे आणि जे येतात त्यावर ज्वेलर, बँका, ब्रँडवाले आधीच टपून बसलेले असतात.

मोठ्यांनाही एक भाव नसतो, बीकेसीचे (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) आकडे पेपरात आले होते ते बघा. २०२३ मध्ये ॲपलने साधारण २०,८०० चौरस फूट घेतलं, महिन्याला कमीत कमी ४२ लाख आणि विक्रीतला वाटा वेगळा. २०२५ मध्ये टेस्लाने जेमतेम ४,००० फूट घेतलं ते ३५ लाखांच्या आसपास. म्हणजे त्याच बीकेसीत एकीकडे फुटाला २०० आणि दुसरीकडे पावणेनऊशे. जागा मोठी असली, करार लांबचा असला, ज्याच्या नावाने गर्दी येते असा भाडेकरू असला की मालक दर सोडतो. दीडशे फुटाच्या दुकानाला तो एक रुपया सोडत नाही.

आता मोजमाप. माझ्या ॲग्रीमेंटमध्ये २२० फूट लिहिलेलं, टोकन दिल्यावर स्वतः टेप लावली तर आत भरला १४०. पोटमाळा धरला होता, जिथे मान वाकवून सुद्धा उभं राहता यायचं नाही, आणि शटरसमोर बिल्डिंगचा खांब, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला माझा डिस्प्ले अर्धाच दिसायचा. मालकाने टोकन परत दिलं नाही म्हणून मी तसाच घेतला, चूक झाली. तुम्ही आधी टेप लावा, आणि भाडं आतल्या कार्पेटवरच, म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवरच बोला.

मंगळवारी आणि रविवारी संध्याकाळी ५ ते ९ गाळ्यासमोर उभं राहून बघा, माणसं मोजू नका, पिशव्या मोजा. स्टेशनला पळणारी गर्दी काही घेत नाही. समोर फेरीवाले कुठपर्यंत बसतात तेही बघा. आणि रस्त्यात काय काम निघणारेय ते वॉर्डात विचारा, दादरचं मेट्रो ३ चं स्टेशन मे २०२५ ला चालू झालं पण त्याआधी कित्येक वर्षं गोखले रोडवर पत्रे होते, दुकानं त्यामागे झाकून गेलेली, भाडं मात्र कुणाचं थांबलं नाही.

भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागू होत असेल तर तो धरा, कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची सोपी योजना) असाल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. डिपॉझिट, ब्रोकरेज, फर्निचर वेगळं. लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ, दोघांना सारखं हवं, नाहीतर तुम्ही धंदा बसवायचा आणि मालकाने जास्त भाडेवाला आणायचा. करार रजिस्टर करणं कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, नुसत्या नोटरीवर ऐकू नका.

माझा हिशोब, भाडं विक्रीच्या १२ टक्क्यांवर गेलं की कपड्यात टिकणं अवघड. मी शेवटी आतल्या गल्लीत गेलो, जुन्या बायका शोधत आल्या. तुमच्या गाळ्याच्या शटरची रुंदी, आतलं कार्पेट आणि मागितलेलं भाडं इथे लिहा, मी बघून सांगतो.