खो-खोचं उन्हाळी शिबिर घेताय? आधी मैदान भिजवा

सर, मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो. शिबिर पहाटे साडेपाचला सुरू करून आठला गुंडाळायचं. आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारा. काळी माती भेगाळली की खो मिळून उठताना पोरांचे पाय मुरगळतात. लिंबू-मीठ-साखर हाताशी असू द्या.

एखादं पोर चार दिवस दिसलं नाही, तर हजेरीत लाल शेरा मारण्याआधी घरी जाऊन या. बहुतेकदा ते केळीच्या बागेत मजुरीला गेलेलं असतं. (लग्नाला गेलं असेल तर तुम्हीही वरणबट्टी जेवूनच या!)

साने गुरुजी अमळनेरला शाळेत शिकवून वसतिगृहही सांभाळत. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण 12 जणांच्या संघात न बसलेल्यांना आधी स्वतः भेटून सांगा; फलकावर वाचायला लावू नका.